घाटावरच्या समुद्राचा लेआउट

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ‘आपापला नाद’ या सत्रात १९८९ च्या दहावीतल्या एका विद्यार्थ्याने केलेलं भाषण)



गेल्या वर्षी डिसेंबरात आपल्या ग्रुपवर मी एक ओळ टाकली होती. ‘संक्रांतीला लेआउट बदलायला काढतोय, चार दिवस दुकानात भेटणार नाही.’ पाच मिनिटांत सात फोन आले. ‘कुठी पाडला बे लेआउट? चिखली रोडले का मलकापूर रोडले? फूट काय भावानं देतं?’ हार्डवेअरवाल्याने लेआउट म्हटलं की तुम्हाला प्लॉटच आठवणार, त्यात तुमची चूक नाही. एकाने तर दोन प्लॉट तोंडी बुकसुद्धा केले. म्हणून आज जाहीर खुलासा करतो. माझा लेआउट दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद आहे, तो एन. ए. झालेला नाही, आणि त्यात सध्या दोन मासे, एक कोळंबी आणि वीसेक गोगलगायी राहतात.

काचेची पेटी आहे. आत खारं पाणी, दगड, आणि दगडांवर प्रवाळ. प्रवाळ म्हटलं की आपल्याला आईच्या अंगठीतलं पोवळं आठवतं. पण पोवळं हा त्या प्राण्याने मागे ठेवलेला सांगाडा. जिवंत प्रवाळ म्हणजे बारीक बारीक प्राण्यांची वसाहत असते. बऱ्याच जातींच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला भाडं म्हणून त्यातला मोठा वाटा देतं. म्हणून अशा टाकीत पाण्याइतकीच उजेडाची काळजी घ्यावी लागते.

आपलं बुलढाणा घाटावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. मुंबईचा किनारा गाठायचा तर आधी मलकापूरला उतरायचं आणि मग रेल्वेने जवळपास पाचशे किलोमीटर. मासे मी क्रॉफर्ड मार्केटहून थर्माकोलच्या खोक्यात आणले, रात्रभर मांडीवर घेऊन. शेजारच्या बर्थवरच्या आजींना वाटलं, आंबे आहेत.

नाद कुठून लागला असं विचाराल, तर सुरुवात इथेच बसलेल्या विज्ञानाच्या सरांपासून होते. सर, तुम्हाला आठवत नसेल. आठवीत तुम्ही आम्हाला लोणारला नेलं होतं. आधी वर धारेच्या पाण्यात तुम्ही लाल लिटमस बुडवला, काही झालं नाही. ते पाणी आम्ही ओंजळीने प्यायलो. मग विवरात उतरलो, कमळजा देवीच्या देवळाशी आलो आणि तिथे तळ्याच्या पाण्यात तोच कागद निळा झाला. एवढं गोड पाणी सतत तळ्यात पडतंय, तरी तळं खारंच कसं, असा प्रश्न तुम्ही विचारला आणि सगळे गप्प. तुम्ही म्हणालात, या भांड्याला बाहेर जायचा नाला नाही. पाणी येतं, पण जातं ते फक्त वाफ होऊन वर. वाफ मीठ नेत नाही.

सर, माझ्या टाकीतलं निम्मं शास्त्र या एका वाक्यात आहे. तीही बिननाल्याचं भांडंच आहे. उन्हाळ्यात रोज दोन-अडीच लिटर पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि तीही आरओच्या, कारण आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार साठत जातात. चार दिवस भर घालायची राहिली तर काय होतं त्याचा मोठा नमुना लोणारनेच दाखवला आहे. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं ते आठवतं ना? पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठातच सुखी असणारे सूक्ष्मजीव माजले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून तसं सांगितलं.

पण लोणारचं पाणी आणून टाकीत ओतावं, हा जो सल्ला मला दर महिन्याला कोणीतरी देतं, तो उपयोगाचा नाही. तिथला पीएच दहाच्या आसपास, समुद्राचा आठ पूर्णांक एक-दोन. लोणारच्या पाण्यात सोडाखार इतका की कॅल्शियम विरघळून राहूच शकत नाही, खाली बसतं. आणि कॅल्शियमशिवाय प्रवाळ सांगाडा बांधणार कशाने? खडेमीठही चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच काही ठरलेल्या प्रमाणात असतं. तयार पूड मिळते, ती लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम. माझ्या टाकीत दगड-वाळू वजा जाता ऐंशी-पंच्याऐंशी लिटर पाणी बसतं, म्हणजे तीन किलो पूड.

आपला संग्रामपूरकडचा मित्र, जो होस्टेलवर माझ्या शेजारच्या खाटेवर होता, तो एकदा हे पाहायला आला. पाणी आधी आरओतून काढतो, मग त्यात विकतचा खार टाकतो, हे ऐकून तो माझ्याकडे पाहतच राहिला. ‘आमी जलमभर खारपाणपट्ट्यात खारं पाणी पेलं, अन तू गोडं पाणी पैसे देऊन खारं करून रायला?’ याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

आता मूळ गोष्ट, लेआउटची. त्यासाठी एक कबुली द्यावी लागेल.

२०१५ च्या दिवाळीत आम्ही मुलीला घेऊन मुंबईला गेलो होतो. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय तेव्हा दुरुस्तीनंतर नुकतंच पुन्हा उघडलं होतं. क्लाउनफिशसमोरून पोरगी हलेना. नववीत होती. वर्षभर तिने आणि मी वाचलं, हिशेब केला, आणि २०१६ मध्ये टाकी लावली. क्लाउनफिशची जोडी आणली. दगड मी रचले. माझा धंदाच तो, म्हणून मागच्या काचेला टेकवून तळापासून वरपर्यंत विटेवर वीट ठेवावी तशी भिंत घातली. पाहणारे म्हणायचे, झकास. पोरगी म्हणायची, ‘बाबा, हे कंपाउंड वॉल वाटतं.’

तिचं बरोबर होतं, आणि नुसतं दिसण्यापुरतं नाही. भिंतीच्या मागे पाणी फिरत नव्हतं. खाल्लेलं, न खाल्लेलं, माशांची घाण, सगळं तिथे जाऊन बसायचं. वाळूही मी चांगली चार इंच जाड घातली होती. अशा वाळूच्या खालच्या थरात प्राणवायू पोचत नाही, आणि बिनहवेत जगणारे जिवाणू तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार करत राहतात. काचेतून काळी रेघ दिसायची. मला वाटायचं, नक्षी आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पोरगी पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. घर रिकामं. सप्टेंबरच्या एका रविवारी मला सुचलं की ती दिवाळीला येईल तेव्हा कंपाउंड वॉल काढून सुंदर काहीतरी दाखवू. सकाळी दहाला सुरुवात केली. मासे आतच. हात घालून दगड ओढले, वाळू उकरली, वर-खाली केली. अंड्याच्या कुजक्या वासाने हिने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘काय मेलं?’ तेव्हा अजून काही मेलं नव्हतं.

रात्री अकरापर्यंत कोळंबी गेली. पहाटे सगळ्या गोगलगायी, आणि सकाळी जोडीतला मोठा मासा तळाशी आडवा. विषारी वायू एक, आणि उकरलेल्या घाणीतून सुटलेला अमोनिया दुसरा. सर, तुम्ही अमोनिया आणि अमोनियम यांतला फरक फळ्यावर लिहिला होता. खाऱ्या टाकीचा पीएच चढा असतो, त्यामुळे अमोनियाचा जास्त वाटा विषारी रूपात राहतो. हे मला माहीत असायला हवं होतं. शिकवलेलं होतं.

आणि मी पोरीला सांगितलं नाही. व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, तर म्हणालो, लाइन गेली होती, रात्रभर पंप बंद राहिला, तुझ्या आईलाही कळलं नाही. आपल्याकडे लाइन जातेच, त्यामुळे खोटं पचलं असं मला वाटलं.

उरला लहान मासा. क्लाउनफिशमध्ये जोडीतली मोठी ती मादी, लहान तो नर. मादी गेली की नर स्वतःच हळूहळू मादी होतो, आणि पुढे येणारा लहान मासा त्याचा, म्हणजे तिचा, नवरा होतो. आता हसा. मागच्या बाकांना तर हसायला परवानगीच आहे. पण आमच्या घरात हे खरंच घडलं. काही महिन्यांत हा उरलेला मासा वाढला, दांडगट झाला. मग मी एक लहान मासा आणला, आणि तो पहिल्याच दिवशी अंग थरथरवून तिच्यापुढे शरण गेला. त्या रविवारी वाचलेला जीव तो हाच. सहा वर्षं मी त्या भिंतीला पुन्हा हात लावला नाही, ते त्याच्यामुळे. तिच्यामुळे.

मग आता का लावला? कारण भिंत भरत चालली होती. एकीकडे काचेच्या शेवाळाने, दुसरीकडे एका प्रवाळाने. हिरव्या तारकांसारखं दिसणारं ते प्रवाळ मी हौसेने आणलं, आणि ते गाजरगवतासारखं पसरलं. दगडावरून दगडावर. एका कोपऱ्यातलं चामड्या प्रवाळ, छत्रीसारखं, त्याच्या खाली झाकलं जायला लागलं. शिवाय मागच्या वर्षी पोरगी सुट्टीला आली तेव्हा टाकीसमोर बसून म्हणाली, ‘बाबा, २०१९ ला वाळू उकरली होती ना तुम्ही?’ लाइन जाऊन पंप थांबला असता तर गोगलगायी शेवटी मेल्या असत्या, आधी नाही, असं तिचं म्हणणं. तिला पहिल्या दिवसापासून संशय होता. मी हो म्हणालो. ती एवढंच म्हणाली की पुढच्या वेळी मी असेन तेव्हाच करायचं.

म्हणून संक्रांत. जानेवारीचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीत अडतीस अंश असतात, आणि या प्रवाळांना पंचवीस-सव्वीस बरं वाटतं. मी पाणी थंड करायचं महागडं मशीन घेतलेलं नाही. पाण्यावर दोन छोटे पंखे सोडतो, हवा कोरडी असल्याने पाणी उडतं आणि थंड होतं. आपला डेझर्ट कूलर तो हाच. मुंबईच्या दमट हवेत हे एवढं चालत नाही, आपल्याकडे फार छान चालतं. विदर्भाच्या उन्हाळ्याचा हा एक फायदा मला सापडला. पण दगड हलवायचं काम थंडीतच बरं.

तयारी नोव्हेंबरपासून. नवे कोरडे दगड, चारेक किलो, झाकणाच्या ड्रममध्ये खाऱ्या पाण्यात बुडवून अंधारात ठेवले. मेलेल्या दगडातून फॉस्फेट सुटतं, ते आधी तिथेच सुटू द्यायचं. आठवडे गेले, चार वेळा पाणी बदललं. जुने दगड सगळे टाकायचे नव्हते. दगडांच्या छिद्रांत ते जिवाणू राहतात जे अमोनियाचा नायट्राइट आणि नायट्राइटचा नायट्रेट करतात. टाकीचं गाळणयंत्र म्हणजे ते दगड. सगळं नवं कोरं करून टाकलं तर माशांना पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या मुताने मरायची पाळी येते. मॅडम, माफ करा, पण दुसरा शब्द नाही.

जे जुने दगड खराब झाले होते ते उकळून घ्या, जंतू मरतील, असं हिचं मत. एरवी मी ऐकलं असतं. पण हे इथे मुद्दाम सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाच्या मुलांनी हा नाद केला तर कामी येईल. बटणासारखी दिसणारी काही प्रवाळं असतात, त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. असा दगड उकळला की ते वाफेबरोबर घरभर जातं. परदेशात पूर्ण कुटुंबं दवाखान्यात गेलेली आहेत. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय घासायचंही नाही.

मांडणी आधी पाण्याबाहेर केली. दुकानाच्या काउंटरवर टाकीच्या मापाचा पुठ्ठा ठेवला, त्यावर दोन डोंगर रचले. एक मोठा डावीकडे, एक लहान उजवीकडे, मध्ये दरी, पण ऐन मध्यावर नाही, थोडी उजवीकडे सरकलेली. मागच्या काचेपासून चार बोटं जागा, म्हणजे पाणी मागून फिरेल आणि काच घासायचं चुंबकही जाईल. गिऱ्हाइकं सिमेंट घ्यायला यायची आणि अर्धा तास सल्ले देऊन जायची. उपयोगाचा सल्ला एकाच मिस्त्रीने दिला. त्याने वरचा दगड बोटाने हलवून पाहिला. ‘सेठ, हे बसलं नाही, नुसतं ठेवलेलं हाये. तीन ठिकाणी टेकलं पायजे.’ मग मी दगड फिरवून फिरवून प्रत्येकाला तीन टेके काढले, जिथे निघेनात तिथे ड्रिलने भोक पाडून अ‍ॅक्रिलिकची कांडी घातली, एपॉक्सीने भरलं. सर्वांत खालचे दगड थेट काचेवर टेकवायचे ठरवले, वाळू नंतर भोवती. वाळूवर दगड ठेवला आणि खालून कोणी वाळू उकरली की डोंगर कोसळतो, काच जाते.

कामाच्या दिवशी पोरीने क्रम कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. आधी वरचं स्वच्छ पाणी धुतलेल्या ड्रममध्ये काढलं. दोघे मासे बादलीत, हवेचा पंप आणि हीटर लावून, वर टॉवेल. प्रवाळं दुसऱ्या बादलीत. राखायचे सहा किलो जुने दगड टाकीच्याच काढलेल्या पाण्यात खळबळले, नळाच्या पाण्यात नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. उरलेलं काळं पाणी आणि सगळी जुनी वाळू टाकून दिली. एक चमचाही परत घेतली नाही. नवी वाळू धुऊन इंचभरच घातली. डोंगर बसवले, राखलेलं पाणी ओतलं, कमी पडलं ते आदल्या दिवशी कालवून ठेवलेलं. खारटपणा आणि उष्णता जुळल्यावर मासे. सकाळी नऊला सुरू केलं, दुपारी तीनला संपलं. हिने मध्ये तिळगूळ भरवला, कारण दोघांचे हात खराब.

प्रवाळं लावताना वाद झाला. मला छत्री डोंगराच्या टोकावर हवी होती. पोरगी म्हणे, सहा वर्षं सावलीत असलेल्याला एकदम उन्हात बसवलं तर फिकं पडेल. शेवटी मधल्या पायरीवर बसवली, दिव्याचे तास आठवरून पाचवर आणले आणि दर आठवड्याला अर्धा तास वाढवला. गाजरगवताला लहान डोंगर दिला, आजूबाजूला वाळूचा पट्टा, म्हणजे सीमा ओलांडताना दिसेल.

दगडी प्रवाळ माझ्याकडे नाही. आपल्याच एका मित्राने सहलीहून आणलेला पांढरा तुकडा मोठ्या प्रेमाने मला द्यायला काढला होता. मी घेतला नाही, त्याला राग आला. मित्रा, कारण आज सांगतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळं २००१ पासून आहेत, वाघाच्या शेजारी. समुद्रातून तुकडा उचलणं हा गुन्हा आहे. २०२० मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची थोडी प्रवाळं हलवायची होती, तर महापालिकेलासुद्धा परवानग्या काढून, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला बरोबर घेऊन ती दुसऱ्या जागी लावावी लागली. माझा लेआउट दोन फुटांचा, तरी नियम तोच.

पहिले दहा दिवस रोज अमोनिया तपासला. शून्य. तिसऱ्या दिवशी किंचित पिवळ्याचं हिरवं झाल्यासारखं वाटलं, तेव्हा मी रात्री दोनला पाणी बदललं. सकाळी पोरीने परत तपासून सांगितलं, ते ट्यूबलाइटमुळे दिसलं. छत्रीने मात्र नऊ दिवस तोंड मिटलं. अंगावर मेणासारखी साय धरली. जुन्या सवयीप्रमाणे मी हात घालणार होतो, पण घातला नाही. दहाव्या दिवशी तिने साय टाकली, साप कात टाकतो तशी, आणि उघडली.

मादी मासा, ती २०१९ वाली, जुनी भिंत जिथे होती त्या कोपऱ्यात रोज रात्री जाऊन झोपायची. तिथे आता काही नव्हतं, मोकळं पाणी. नवरा तिच्यामागे. पोरगी पुण्याला परत गेल्यावर रोज रात्री साडेदहाला तिचा एकच मेसेज यायचा, ‘कुठे झोपली?’ मी लिहायचो, कोपऱ्यात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री कोपरा रिकामा दिसला. माझे हातपाय गार पडले. बॅटरी घेऊन शोधलं, तर छत्रीच्या मधोमध, तिच्या बोटांत अंग खुपसून दोघे पडलेले. फोटो पाठवला. या वेळी काही लपवायचं नव्हतं.

तर उद्या परतीच्या गाड्यांआधी ज्यांना वेळ असेल त्यांनी दुकानात या. दिवे दुपारी दोनला लागतात आणि रात्री दहाला बंद होतात. सर, तुम्हाला मी न्यायला येतो, जिने नाहीत. काचेवर टकटक करायची नाही, आणि प्लॉटचा भाव विचारायचा नाही.